अर्ध्या दिवसाचा सुवर्णदुर्ग

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी फोन करून विचारले, "अहो, समीक्षेच्या व्याख्यानमालेत होडीच्या सहलीचं काय काम?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. आम्ही म्हणजे रत्नागिरीतले सहा जणांचे एक लहानसे वाचनमंडळ. बोलतो आहे एक जण, पण टिपणे सहाही जणांनी मिळून केली आहेत. त्यामुळे चूक निघाली तर ती सहांत वाटून घेऊ. (हशा)

आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो, परवा इथेच एका चित्रपटावर दीड तास बोलणे झाले. मग आम्ही विचार केला, सुवर्णदुर्गाबद्दल मराठी माणसाला जे काही माहीत आहे ते त्याला कुठून कळते? ग्रंथांतून कळणारे फार थोडे. बाकीच्यांना ते हर्णैच्या बंदरातून निघून दुपारच्या जेवणापर्यंत परतणाऱ्या होडीवर कळते. नाखवा चार वाक्ये सांगतो, बरोबरचा एखादा हौशी माणूस आणखी सहा सांगतो, मोबाइलवर कुणीतरी दोन वाचून दाखवतो. ही दहा-बारा वाक्ये म्हणजे सुवर्णदुर्गावरचे सगळ्यात जास्त खपाचे पुस्तक आहे. त्याची आवृत्ती दर सुट्टीत निघते, आणि परीक्षण मात्र कुणीच लिहीत नाही. तेवढे आज करायचे आहे.

आधी सहल कशी असते ते सांगतो. गेलेल्यांनी थोडा धीर धरावा.

दापोलीहून खाली उतरत हर्णैला यायचे. बंदरावर वास येतो तो मासळीचा, आणि तो यायलाच हवा. ज्याला तो चालत नाही त्याने थेट थिबा राजवाडा बघावा. (हशा) पाण्याची वेळ बघून होडी निघते. आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यापाशी धक्का नव्हता. हर्णैच्या बाजूला गुडघाभर पाण्यातून जाऊन होडीत चढायचे आणि पलीकडे पुळणीशी पुन्हा पाण्यातच उतरायचे. नाखवा म्हणाला, "काका, चपला हातात घ्या, मोबाइल वर धरा, आणि लाट गेली की उतरा, लाट येताना नाही." पूर्ण सहलीतले हे सगळ्यात नेमके वाक्य होते, असे आमच्यातल्या एकीचे मत आहे.

किल्ल्याचा दरवाजा पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याकडे तोंड करून आहे, पण बुरुजांच्या आडोशाला असा की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेले आहे, दरवाजाजवळ तटात मारुती आहे. आत झाडी माजलेली. पाण्याची टाकी, विहिरी, वाड्यांची जोती, कोठारे. पश्चिमेकडे चोरदरवाजा. तटावरून चालत गेले की एका बाजूला नुसता समुद्र, आणि दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरचे तीन सोबती: गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड. कनकदुर्गावर दीपगृह आहे. फत्तेगडावर घरे आहेत, कोळ्यांची वस्ती आहे, दोरीवर कपडे वाळत असतात. तासदीड तास फिरणे होते, कुणीतरी हाक मारतो, पाणी उतरायला लागलं, चला. परत होडी. हर्णैला मासे, भात, सोलकढी. झाला अर्धा दिवस.

आता या अर्ध्या दिवसात काय सांगितले जाते? आम्ही एकाच मोसमात तीन वेगवेगळ्या होड्यांतून गेलो आणि ऐकलेले लिहून घेतले. तिन्हींचा सांगाडा सारखाच निघाला. किल्ला विजापूरकरांचा, शिवाजी महाराजांनी घेतला आणि मजबूत केला. मग कान्होजी आंग्रे. लहानपणीचा कान्होजी इथेच वाढला, फितूर किल्लेदाराचा डाव त्याने उधळला, सिद्दीला दाद दिली नाही. मग कनकदुर्गातून इथवर आलेले भुयार. मग "अभेद्य किल्ला". मग फोटो.

यातला कान्होजींचा भाग परंपरेने आलेला आहे. त्यात तपशिलाचे वाद आहेत, पण त्यावर आमचे भांडण नाही. लोककथेला तारखेचा दाखला मागत बसणे हा एक कोरडा उद्योग आहे. शिवाय नाखव्याच्या तोंडून कान्होजी ऐकताना आवाजात जो अभिमान येतो तो पाठ केलेला नसतो. दर्यावर्दी माणसाने दर्यावर्दी माणसाबद्दल बोलावे तसे तो बोलतो. तेवढ्यापुरती ही सहल आम्हाला फार आवडली.

भुयाराशी मात्र थोडे थांबू. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक जलदुर्गाला एक भुयार आहे. निदान सांगण्यात आहे. ते समुद्राच्या तळाखालून जाते, आता बुजले आहे, आजोबांच्या काळी उघडे होते. आम्ही याची चेष्टा करणार नाही. पण भुयाराची गरज कुणाला पडते, हे बघा. जो माणूस पाण्याला अडथळा मानतो त्याला. सुवर्णदुर्ग आणि कनकदुर्ग यांच्या मधल्या पाण्यातून रोज होड्या जातात, येतात. ज्या लोकांनी हे किल्ले वापरले त्यांच्यासाठी ते पाणी हाच रस्ता होता, हमरस्ता. त्याच्याखाली दगड फोडून अंधारातून जाण्याची कल्पना जमिनीवरच्या माणसाची आहे, आणि जमिनीवरून येणाऱ्या पाहुण्यांना आवडते म्हणून ती टिकली आहे. तिसऱ्या फेरीत आम्ही नाखव्याला विचारले, "खरंच आहे का हो भुयार?" तो हसला. म्हणाला, "लोक विचारतात म्हणून सांगतो. मला कशाला हवंय भुयार, होडी आहे ना."

या एका उत्तरावर, खरे सांगायचे तर, आमचा अर्धा निबंध उभा आहे.

त्याच फेरीत आम्ही दुसरा प्रश्न विचारला होता. मोठे जहाज या मधल्या पट्ट्यातून जाऊ शकेल का? आता मघापर्यंत चार वाक्यांवर आटोपणारा हा माणूस वीस मिनिटे बोलला. खडप कुठे आहे, ते ओहोटीला कुठपर्यंत उघडे पडते, उधाणाच्या भरतीला आणि भांगाच्या भरतीला पाण्यात किती फरक पडतो, वारा कुठला असला की होडी किल्ल्याकडे ढकलली जाते, नांगर कुठे धरतो आणि कुठे नुसता वाळूत ओढला जातो. हाताने दाखवत होता, सुकाणू एका पायाने सांभाळत होता. शेवटी म्हणाला, "ज्याला पाणी कळतं तो आणील. न कळणाऱ्यानं आणलं तर तिथंच बसेल."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कारण नेमके असेच एक मोठे जहाज या पट्ट्यात आलेले आहे, आणि त्या दिवशी जे घडले ते तिन्ही होड्यांपैकी एकीवरही आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

साल १७५५. तेव्हा सुवर्णदुर्ग कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याकडे होता. तुळाजी आणि पेशवे यांचे अजिबात पटत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी बोलणे केले. पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेव, इंग्रजांच्या बाजूने विल्यम जेम्स नावाचा कंपनीच्या आरमाराचा अधिकारी. जेम्स मार्चअखेर मुंबईहून निघाला, त्याचे मुख्य जहाज 'प्रोटेक्टर', ४४ तोफांचे. २ एप्रिलला मारा सुरू झाला. इंग्रजी वृत्तांत सांगतात की पहिल्या दिवशी तो समुद्राच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून तोफा डागत राहिला आणि हाती फारसे काही लागले नाही, कारण त्या बाजूचा तट बऱ्याच ठिकाणी अखंड खडकातून काढलेला आहे. दुसऱ्या दिवशी त्याने जागा बदलली. जहाज बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आणले, आणि तिथून, अगदी जवळून, मारा केला. आत आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली, स्फोट झाला. किल्ला पडला. पुढे किनाऱ्यावरचे किल्लेही गेले. सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला, आणि या व्यवहारात बाणकोट इंग्रजांना मिळाले. त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आंग्र्यांचे आरमार तिथे जळाले, आणि तुळाजी कैदेत पडले ते पुन्हा मोकळे झाले नाहीत.

तर मंडळी, "अभेद्य". हा शब्द आम्हाला तिन्ही होड्यांवर भेटला, दोन माहितीपत्रकांत भेटला आणि एका छापील पुस्तकातही. जो किल्ला दोन-तीन दिवसांच्या माऱ्यात पडला त्याला हे विशेषण लागते कसे? लागते, कारण ते दगडाकडे बघून लावलेले आहे, इतिहासाकडे बघून नव्हे. तट अजून उभा आहे, लाटा खातो आहे, म्हणून अभेद्य. आपल्या किल्लेविषयक लेखनात अशी पाच-सहा विशेषणे फिरत असतात. बेलाग, अभेद्य, अजिंक्य, बुलंद, कातळकडा, आणि हो, "इतिहासाचा मूक साक्षीदार". हा मूक साक्षीदार एकदा तरी कोर्टात उभा करायला हवा. (हशा) मूक कसला? पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या तटाचा फरक तो डोळ्यांसमोर ठेवतो. आम्ही दुसऱ्या फेरीत तटावरून चाललो ते फोटो काढत. तिसऱ्या फेरीत पश्चिमेचा कातळ आणि पूर्वेचे बांधकाम बघत चाललो, आणि जेम्सने जागा का बदलली हे कुणी न सांगता कळत गेले. दगड तेच, चालणारे तेच, पण वाचन निराळे झाले.

आता मुद्दा हा की ही गोष्ट होडीवर का नाही? ती लपवलेली नाही. कुठल्याही बऱ्या ग्रंथात आहे. १८८० च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हर्णैच्या नोंदीत ती आहे, आणि आपल्या आजच्या बहुतेक माहितीपत्रकांचा आजोबा तो गॅझेटियरच आहे. नातवांनी आजोबांकडून शिवकाल घेतला, कान्होजी घेतले, तोफा-विहिरी मोजून घेतल्या आणि १७५५ तेवढे तिथेच ठेवले.

आमचे अनुमान असे. होडीवरच्या गोष्टीला शत्रू बाहेरचा लागतो. सिद्दी चालतो, इंग्रज चालतो. पण इथे इंग्रजांना बोलावणारे आपले, ज्यांच्यावर बोलावले ते आपले, तटावर मेलेले आपले, आणि नंतर किल्ला ज्यांच्या ताब्यात आला तेही आपलेच. वीस मिनिटांच्या प्रवासात ही गाठ सोडवणार कोण? नाखव्याला पाहुणे हवेत, पाहुण्यांना छाती फुगायला हवी. गाठ नको, पुढे चला.

इथे आमच्या मंडळात दोन तट पडले, तेही सांगितले पाहिजे. चौघांचे म्हणणे होते, सरळ सांगावे की पेशव्यांनी आरमार बुडवले. हे वाक्य आपल्याकडे सभांमधून पुष्कळ ऐकू येते आणि टाळी घेते. दोघांनी हात वर केला. तुळाजी काही पेशव्यांचे आज्ञाधारक नव्हते. ते स्वतंत्र वागत, खंडणीला दाद देत नसत आणि समुद्रावर पेशव्यांच्या माणसांनाही सोडत नसत. पेशव्यांच्या दृष्टीने तो बंडखोर सरदाराचा बंदोबस्त होता. आणि १७५६ नंतर मराठ्यांचे आरमार संपले म्हणावे, तर १७८३ साली आपल्या याच रत्नागिरीजवळच्या समुद्रात आनंदराव धुळपांनी इंग्रजांची 'रेंजर' पकडली, तिचे काय? म्हणजे "बुडवले" हे वाक्यही "अभेद्य"चेच भावंड आहे. दोन्ही विचार थांबवतात. शेवटी आमचे एवढ्यावर जमले: चूक किती मोठी होती यावर वाद घालता येतो, पण ती याच पाण्यात झाली, या पाण्यावरून जाताना तिचे नाव निघू नये, हे बरोबर नाही.

आणखी एक गाळलेला दिवस आहे. १८०२ ची दिवाळी. २५ ऑक्टोबरला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पुण्यातून निघाले. महाड करत ते या बाजूला उतरले, सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आले, आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेले. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेला तह. त्या तहाकडे जाणारी वाट हर्णैच्या पाण्यावरून गेली. म्हणजे बघा, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी याच जागी इंग्रजांच्या मदतीने एक किल्ला घेतला, आणि आता इथूनच स्वतःसाठी मदत मागायला निघायची वेळ आली. १८१८ मध्ये किल्ला फारशी झुंज न होता इंग्रजांकडे गेला. नाटककाराने रचले असते तर आपण म्हटले असते, फार जुळवून आणले आहे.

थोडे बाहेर जाऊ. लंडनच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे, तिथल्या राईत एक तीन कोनी मनोरा आहे. उंची सुमारे एकोणीस मीटर. नाव काय? 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. मोठ्याने म्हणून बघा. सुवर्णदुर्ग! इंग्रजी जिभेला झेपले तसे. विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला, पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीने, लेडी अ‍ॅन जेम्सने, हा मनोरा बांधवून घेतला. वास्तुकार रिचर्ड जुप. दारावरच्या लेखात २ एप्रिल १७५५ ची तारीख आहे, जेम्सच्या शौर्याचा गौरव आहे, आणि आपला हर्णैचा किल्ला मलबारच्या किनाऱ्यावर असल्याचे म्हटले आहे. (हशा) त्या काळी ते लोक सगळ्याच पश्चिम किनाऱ्याला सरसकट तसे म्हणत. डागडुजी करून २०१४ पासून तो लोकांसाठी पुन्हा उघडला आहे.

आम्ही तिथे गेलेलो नाही, फोटोच बघितले आहेत. पण दोन्हींची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. हर्णैच्या होडीवर शिवकाल आहे, कान्होजी आहेत आणि १७५५ नाही. लंडनच्या मनोऱ्यावर १७५५ आहे आणि बाकी काहीही नाही. रामाजी महादेव नाहीत, पेशव्यांचे आरमार नाही, तुळाजीही त्या लेखाच्या कडेला उभे असल्यासारखे. जणू जेम्स एकटाच वल्हवत आला आणि किल्ला खिशात घालून गेला. एकच घटना, एका ठिकाणी तिचा दगडी मनोरा होतो, दुसऱ्या ठिकाणी ती गप्प बसते. मनोरा बांधणारी बाई नवऱ्याची आठवण जपत होती, तिला दोष देण्यात अर्थ नाही. आपण काय जपत आहोत?

इतर सहलींशी तुलना करायला हवी, नाहीतर नाखव्यांवर अन्याय होईल. मुरूड-जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना जे ऐकायला मिळते ते पाठ केलेले, घोटलेले सादरीकरण असते. बावीस एकर, बावीस बुरुज, बावीस वर्षे. कलालबांगडी तोफ. सगळे ठेक्यात. ऐकायला मजा येते, पण प्रश्न विचारला की ठेका तुटतो आणि सांगणारा पुन्हा पहिल्या आकड्यावर जातो. सिंधुदुर्गाचे वेगळे. तिथे किल्ल्यात माणसे राहतात, शिवराजेश्वराचे देऊळ आहे, पूजा चालू आहे. त्या सहलीला तीर्थयात्रेचा सूर आहे आणि तीर्थयात्रेत कुणी हिशेब मागत नाही. सुवर्णदुर्गाला यांतले काहीच नाही. घोटलेले भाषण नाही, देवळाची गर्दी नाही. म्हणूनच आमचा जीव त्यात अडकला. इथली गोष्ट अजून ओली आहे. तिला आकार देता येईल. अजून काही महिने, फार तर काही वर्षे.

असे का म्हणतो? ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या बारांत सुवर्णदुर्ग आहे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हेही आहेत. आपल्या जिल्ह्यातला एकच, तो हर्णैचा. आनंद झालाच. पण यादीत नाव गेले की पुढे काय होते हे आपण सगळीकडे बघतो. फलक येतात, ध्वनिमुद्रित माहिती येते, प्रशिक्षित मार्गदर्शक येतात, आणि जे वाक्य एकदा फलकावर चढते ते तीस वर्षे खाली उतरत नाही. गोष्ट वाळते. आज नाखव्याला प्रश्न विचारला तर तो वीस मिनिटे बोलतो. उद्या तो फलकाकडे बोट दाखवेल.

आणि फत्तेगडावरची घरे? नकाशावर तो किल्ला आहे, आणि राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती वाडी आहे. आम्ही तिथून चाललो तेव्हा जाळी विणणारे एक आजोबा म्हणाले, "बुरूज बघायला आलात काय? हाच की." ते ज्याला टेकून बसले होते तोच. वारसा म्हटला की मधले जगणे अडचणीचे वाटायला लागते, असा आपल्याकडचा अनुभव आहे. गड मोकळा करा, स्वच्छ करा, सुशोभित करा. पण सुवर्णदुर्ग हा काही एकटा बेटावरचा दगड नाही. चार किल्ल्यांचा तो संच आहे, मधले पाणी धरून. त्यातल्या तिघांकडे आपण होडीतून पाठ करून बसतो आणि एकाकडे तोंड. खरे तर होडीची बाकेच उलटी लावायला हवीत. (हशा)

आता आमच्याच बाजूवर टीका. ऐकणारेही कमी दोषी नाहीत. पहिल्या फेरीत आमच्या होडीत बारा माणसे होती. नाखवा बोलायला लागला तेव्हा पहिला प्रश्न आला, "डॉल्फिन दिसतील का?" दुसरा, "रेंज येते का तिकडे?" तिसरा प्रश्न आलाच नाही. मुरूडच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन दाखवायला होड्या जातातच, त्यात किल्ला जोडून घेतला की एकाच पैशात दोन गोष्टी होतात. कुणाचेही पोट त्यावर चालत असेल तर आम्ही कोण बोलणारे. पण मग सांगणाऱ्याने चार वाक्यांत का आटोपले, याचे उत्तर आपल्याकडेच आहे. ज्या प्रश्नावर तो वीस मिनिटे बोलला तो प्रश्न आम्ही तिसऱ्या फेरीत विचारला, आणि आम्ही तर स्वतःला वाचक म्हणवतो.

मग काय व्हावे, असे कुणीतरी विचारेलच. मोठी योजना आमच्याकडे नाही. एकच साधी गोष्ट सुचते. जाताना किल्ला दिसत असतो, सगळ्यांचे डोळे तटावर असतात, तेव्हा महाराज आणि कान्होजी सांगावेत. येताना, मधल्या पट्ट्यात, क्षणभर इंजिन बंद करावे. पाण्याची जाण असलेल्या माणसाने सांगावे की किती वाव पाणी आहे, खडप कुठे आहे, आणि एक ४४ तोफांचे जहाज या बाजूने कसे आले असेल. रामाजी महादेव, तुळाजी, जेम्स ही तीन नावे घ्यावीत. निकाल देऊ नये. होडीतल्या माणसांनी तो जेवताना आपापसांत लावावा, भांडावे, सोलकढी सांडावी. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही हे त्या नाखव्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "इंजिन बंद केलं तर होडी वाहत जाईल ना दक्षिणेला." मग थोडा विचार करून म्हणाला, "भांगाच्या दिवशी जमेल. उधाणाला नाही."

म्हणजे तो तयार आहे. तिथी आपल्याला बघावी लागेल.

लेखनाकडे शेवटी एकदा वळतो. गो. नी. दांडेकरांनी आपल्याला गड पायाखाली घालायला शिकवले, त्यांचे ऋण फार मोठे आहे. पण त्या परंपरेचे मन डोंगरात आहे. वाट, चढ, माची, बालेकिल्ला, ही तिची भाषा. जलदुर्गाला ती भाषा तोकडी पडते. तिथे चढ नाही, थकवा नाही, पोचल्याचा आनंद नाही, म्हणून लिहिणारा मग विहिरी आणि तोफा मोजत बसतो. जलदुर्गावरचे लेखन पाण्यावरून सुरू व्हायला हवे, आणि ती भाषा आहे ती हर्णै, पाजपंढरी, अंजर्ले इथल्या माणसांच्या तोंडी. अंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे या भागातली बोलणारी माणसे कादंबरीत घेऊन आले, पण हे पाणी वाचून दाखवणारे पुस्तक आमच्या तरी हाती अजून पडलेले नाही. कुणी लिहिले असेल तर कळवा, आम्ही विकत घेऊन वाचू, उसने मागणार नाही.

तिसऱ्या फेरीहून परतलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. अर्ध्या दिवसाची सहल प्रश्नांमुळे लांबली होती. बंदरावर लिलाव सुरू झाला होता, पापलेट-सुरमईचे ढीग, बोली लावणाऱ्या बायकांचा आवाज, बर्फाची खोकी, वाळूत रुतलेली चाके. आमच्या नाखव्याला कुणीतरी विचारले, काय रे, आज इतका उशीर? तो म्हणाला, "गिऱ्हाईक भूगोल विचारत होतं."

पाणी पितो. मग प्रश्न घेऊ. त्या मागच्या बाकावरच्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, आधी त्यांचा.